दोनशे तासांचा हिशेब

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी आकाश रिकामे नसते. एक छोटे विमान उतरते, चाके टेकतात न टेकतात तोच पुन्हा वेग घेऊन वर जाते आणि धावपट्टीला वळसा घालून परत येते. त्याच्यामागे दुसरे असतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या या विमानतळावर आज भावी वैमानिक हात बसवत असतात. कॅनडाची सीएई ही कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट इथेच आहे. पश्चिमेला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली. 34 शिकाऊ विमाने आणि वर्षाला 180 वैमानिक, अशी तिची आखणी आहे. बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर ही नावेही उड्डाण शिकणाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी येतात.

विमान कंपन्यांनी नोंदवलेली मागणी पाहिली तर ही लगबग समजते. 2023 च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने 470 विमानांची खरेदी जाहीर केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एकाच वेळी 500 विमाने मागवली. त्या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 1622 व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. तोवरचा हा उच्चांक होता. तरीही परवाना हातात घेऊन नोकरीची वाट पाहणारे तरुण देशात मोठ्या संख्येने आहेत. एकीकडे विमानांची मागणी आणि दुसरीकडे बेकार परवानाधारक, हे चित्र एकाच वेळी खरे आहे, आणि प्रशिक्षणाची वाट निवडताना ते डोळ्यांसमोर असायलाच हवे.

बारावीनंतर पायलट व्हायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठे?’ असा. गोंदिया की अमेरिका, बारामती की न्यूझीलंड? त्याआधी विचारायचे प्रश्न दोन आहेत. परवान्यासाठी लागणारे तास किती महिन्यांत आणि कोणत्या शिस्तीत पुरे होतील? आणि सगळे पुरे होऊनही नोकरी लांबली, तर त्याचा भार कोण उचलणार? जागेचे नाव या दोन उत्तरांमागून ठरायला हवे.

परवाना नेमका कशाचा

विमान कंपनीत बसण्यासाठी किमान लागते ते कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल. भारतात त्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे आणि लॉगबुकात 200 तासांचे उड्डाण हवे. त्याआधीच्या पायऱ्या लवकर सुरू होतात. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी आणि खासगी वैमानिकाचा सतराव्या वर्षी मिळू शकतो. वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झालेली अनेक मुले मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणिताची परीक्षा देऊन ही अट पुरी करतात.

या 200 तासांचे तपशील बघण्यासारखे आहेत. त्यांपैकी 100 तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन उडायचे असते. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची ‘क्रॉस कंट्री’ उड्डाणे करायची असतात आणि त्यांत किमान एक 300 सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले उड्डाण असावे लागते. रात्रीचे 5 तास वेगळे, त्यांत 10 वेळा उड्डाण आणि 10 वेळा उतरणे. हे 200 तास अर्ज करण्याच्या आधीच्या पाच वर्षांत झालेले असावेत, अशीही अट आहे. रेंगाळत रेंगाळत शिकणाऱ्याचे जुने तास त्यामुळे बाद होऊ शकतात.

सीपीएलला जोडून आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि माणसाचा आतला कान त्याला फसवू लागतो. विमान हळूहळू एका बाजूला कलत असते आणि शरीर मात्र आपण सरळ चाललो आहोत अशी ग्वाही देत राहते. अशा वेळी शरीराचे न ऐकता समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायचा, हे सरावाने अंगी बाणवावे लागते. दुसरी म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचा अनुभव. उड्डाण करताना एक इंजिन बंद पडले तर चालू इंजिन विमानाला एका बाजूला ओढू लागते. त्या ओढीला पायाने चालवायच्या रडरने आवर घालून विमान सरळ ठेवायचे असते. बहुतेक संस्था शेवटचे पंधराएक तास त्यासाठी राखून ठेवतात. दोन इंजिनांच्या विमानाचा दर ताशी बराच जास्त असल्याने खर्चाचा मोठा घासही इथेच जातो.

हे सगळे झाल्यावरही प्रवासी विमान चालवता येत नाही. सेसना 172 वर शिकलेल्या मुलाला एअरबस ए320 किंवा बोइंग 737 साठी वेगळे ‘टाइप रेटिंग’ करावे लागते. ते बहुतांशी पूर्ण हालचाल करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये होते. त्यानंतर कंपनीच्या खऱ्या प्रवासी उड्डाणांवर प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून सराव होतो, आणि मग तो फर्स्ट ऑफिसर म्हणून मोकळा होतो. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स लागते. त्याला किमान 21 वर्षे वय आणि 1500 तासांचा अनुभव हवा.

पैसे भरण्याआधी

या वाटेवर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वाचवणारी पायरी आहे वैद्यकीय तपासणी. विद्यार्थी परवान्यासाठी ‘क्लास टू’ पुरते, पण व्यावसायिक परवान्यासाठी ‘क्लास वन’ लागते. रंगांधळेपणा, हृदयाचा दोष, कानाचा आजार अशा गोष्टी तिथे उघड होतात. चष्मा चालतो, फक्त चष्म्यासह दृष्टी ठरलेल्या पातळीपर्यंत यायला हवी. मुतखडा किंवा वाढलेले वजन यांवरून ‘तात्पुरते अपात्र’ असा शेराही मिळतो. मग उपचार, पुन्हा तपासणी यांत महिने जातात. संस्थेत प्रवेश घेतल्यावर आणि पहिला हप्ता भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक सल्ला देतात की क्लास वनचा निकाल हाती येईपर्यंत मोठी रक्कम भरू नये.

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाच्या यंत्रणांचे सामान्य ज्ञान आणि ज्या विमानावर शिकणार त्याची विशेष माहिती, असे पेपर डीजीसीए घेते. प्रत्येकात 70 टक्के गुण लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना, आरटीआर, काढावा लागतो. पूर्वी तो दूरसंचार खाते देत असे. भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने ते काम डीजीसीएकडे सोपवले.

हे पेपर उड्डाण सुरू होण्याआधी काढणारे आणि उड्डाणासोबत काढू म्हणणारे, यांच्या प्रवासात फरक पडतो. सकाळी सहाला विमानावर हजर राहायचे, दुपारी ऊन चढल्यावर हवा उसळू लागली की उड्डाणे थांबायची आणि संध्याकाळी पुन्हा विमानावर जायचे, या दिनक्रमात नेव्हिगेशनचा अभ्यास मागे पडतो. एक पेपर राहिला की परवान्याचा अर्ज अडतो, आणि तोवर पूर्ण केलेल्या उड्डाणाची धार उतरत जाते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीची धास्ती असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार वैमानिकाला इंग्रजीची चाचणी द्यावी लागते आणि सहा पातळ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. तिथे उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा गोष्टी पाहिल्या जातात. परदेशी ढबीची तिथे गरज नसते. समोरच्याला नीट समजेल असे बोलता यावे आणि अनपेक्षित प्रसंगी दोन वाक्यांत अडचण सांगता यावी, एवढी अपेक्षा असते. रेडिओवरची ठरीव वाक्ये तर मर्यादित आहेत. ती महिनाभर रोज मोठ्याने म्हटली तर जिभेवर बसतात.

वाटा किती आणि कोणत्या

पहिली वाट देशातल्या फ्लाइंग क्लबची किंवा खासगी संस्थेची. या परंपरेची मुळे जुनी आहेत. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. 1929 च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना मिळालेला वैमानिक परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला, आणि त्यांचे शिक्षण याच क्लबच्या जुहूच्या मैदानात झाले. जुहूभोवती मुंबई वाढली, आकाशात गर्दी झाली आणि क्लबचे प्रत्यक्ष उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गेले. अशा संस्थेत सीपीएलपर्यंतचा खर्च साधारण 45 ते 60 लाख रुपयांच्या घरात येतो. टाइप रेटिंगचे आणखी पंधरा-वीस लाख वेगळे. या वाटेवर विद्यार्थी टप्प्याटप्प्याने पैसे भरू शकतो, एका टप्प्यावर थांबू शकतो. उलट नोकरीची कोणतीही हमी नसते. परवाना मिळाल्यावर कंपन्यांच्या जाहिरातींची वाट पाहायची, लेखी परीक्षा, मानसिक क्षमतेची चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत यांतून स्वतःच पार व्हायचे.

दुसरी वाट सरकारी संस्थेची. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला 1980 च्या दशकात इंदिरा गांधी राष्ट्रीय उड़ान अकादमी स्थापन झाली. तिथे प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि वैमानिकाला लागणारी क्षमता पाहणारी चाचणी, अशी गाळणी आहे. जागा मोजक्या आणि अर्ज पुष्कळ. पण जी संस्था प्रवेशाआधीच नाही म्हणू शकते, ती पुढे होऊ शकणारे नुकसान अर्ध्याहून अधिक आधीच टाळते, हे पालकांनी लक्षात घ्यावे. प्रवेशाला कसलीही परीक्षा नसणे हे संस्थेचे औदार्य मानू नये.

तिसरी वाट विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांची. इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या कंपन्या आधी उमेदवार निवडतात, मग त्याला ठरलेल्या संस्थेत शिकायला पाठवतात. सीपीएल, टाइप रेटिंग आणि पुढचे सगळे एका सलग आखणीत होते. पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पद्धतीने शिकवले जाते. एका खुर्चीत विमान चालवणारा आणि दुसऱ्या खुर्चीत त्याच्यावर लक्ष ठेवणारा, ही दोन वैमानिकांची कामाची विभागणी लवकर अंगवळणी पडते. खर्च मात्र एक कोटीच्या वर जातो आणि बहुतेक योजनांत तो उमेदवाराच्या घरूनच येतो. हातात पडते ते सशर्त नियुक्तीचे पत्र. सर्व परीक्षा ठरलेल्या संधींत पार करणे, वैद्यकीय पात्रता टिकवणे आणि कंपनीची त्या वेळची गरज, या अटी त्यात लिहिलेल्या असतात. सही करण्याआधी हा मजकूर ओळीनओळ वाचावा, शक्य तर वकिलाला दाखवावा.

चौथी वाट परदेशाची. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथे अनेक भारतीय शिकतात. विमाने भरपूर, धावपट्ट्या भरपूर आणि बऱ्याच ठिकाणी हवामान उड्डाणाला अनुकूल, त्यामुळे तास लवकर भरतात. लुफ्थान्साच्या ब्रेमेनमधल्या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे अमेरिकेत ॲरिझोनातल्या गुडइयरला उडायला पाठवले, ते तिथल्या कोरड्या, निरभ्र आकाशासाठीच. पण परदेशी परवाना भारतात जसाच्या तसा चालत नाही. परत आल्यावर डीजीसीएचे पेपर, इथल्या विमानावर कौशल्य चाचणी आणि कागदपत्रांची पडताळणी असे रूपांतर करावे लागते. त्यात सहज काही महिने जातात. भारतीय आकाशात नोकरी करायची असेल तर हा काळ आणि पैसा पहिल्या हिशेबातच धरावा.

अमेरिकेबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. तिथे शिकले की तिथेच विमान कंपनीत लागता येते, असे काही कुटुंबांना वाटते. 12 फेब्रुवारी 2009 रोजी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोल्गन एअरचे 3407 क्रमांकाचे उड्डाण कोसळले आणि 50 माणसे गेली. त्या अपघातानंतर अमेरिकन संसदेने 2010 मध्ये कायदा केला आणि 2013 पासून तिथल्या प्रवासी विमान कंपन्यांत सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांची अट लागू झाली. मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची पदवी घेतलेल्यांना ती 1000 तासांपर्यंत खाली येते. त्यामुळे अमेरिकन तरुण परवान्यानंतर वर्ष-दोन वर्षे प्रशिक्षक म्हणून काम करत तास जमवतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या भारतीयाला ती मुभा आपोआप मिळत नाही. भारतात 200 तासांचा वैमानिक टाइप रेटिंगनंतर थेट ए320 च्या उजव्या खुर्चीत बसू शकतो, हा दोन्ही देशांतला फरक वाट निवडताना फार महत्त्वाचा आहे.

सैन्यदलांची वाट या सगळ्यांहून निराळी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात गेलेला तरुण घरचा पैसा न घालता जगातले उत्तम प्रशिक्षण घेतो, आणि 2022 पासून ही प्रबोधिनी मुलींनाही खुली झाली आहे. पण ती देशसेवेची कारकीर्द आहे. विमान कंपनीपर्यंत जाण्याची स्वस्त शिडी म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याने तिकडे वळू नये.

महिन्याला किती तास

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. महिन्याला 20 तास उडायला मिळाले तर 200 तास दहा महिन्यांत होतात. महिन्याला 8 तासच मिळाले तर त्यालाच पंचवीस महिने लागतात. वसतिगृह, जेवण, कर्जावरचे व्याज आणि वाया गेलेले वय हे सगळे त्या पंधरा महिन्यांच्या फरकात दडलेले असते. माहितीपत्रकावर दोन्ही संस्थांची फी सारखीच छापलेली असू शकते.

फरक फक्त वेळेचाही नाही. उतरण्याच्या आधीचे काही सेकंद, विमानाचे नाक नेमके केव्हा आणि किती उचलायचे, हा अंदाज हात आणि डोळे मिळून शिकतात. गायकाचा रियाज तुटला की गळा जसा मागे येतो, तसा तीन आठवडे जमिनीवर राहिलेल्या विद्यार्थ्याचा हातही मागे येतो. मग प्रशिक्षक त्याला एकट्याने सोडत नाही, आधीचीच उड्डाणे पुन्हा करायला लावतो, आणि जादा तासांचे बिल विद्यार्थ्याच्याच नावावर पडते.

तास कशाने अडतात? महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर खालचे ढग आणि पाऊस असतो. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीचे धुके. विमान देखभालीसाठी उभे राहणे, सुट्या भागांची वाट, प्रशिक्षक सोडून जाणे, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या मर्यादित वेळा, ही कारणे बाराही महिने असतात. इंधनाचाही प्रश्न होता. छोट्या पिस्टन विमानांना एव्हगॅस हे खास पेट्रोल लागते आणि ते वर्षानुवर्षे आयात होत असे. 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यातून त्याचे देशी उत्पादन सुरू केले. डायमंड डीए42 सारखी नवी शिकाऊ विमाने जेट इंधनावर चालतात, म्हणजे प्रवासी विमानांच्या टाकीत जाते तेच इंधन. संस्था निवडताना ताफ्यात कोणती विमाने आहेत हा प्रश्न त्यामुळे रोजच्या उड्डाणाशी थेट जोडलेला आहे.

भार कोणाच्या खांद्यावर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत पाहावे. 50 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 69 हजार रुपये येतो. एक कोटीचे घेतले तर तो 1 लाख 38 हजारांच्या आसपास जातो. त्यात शिकतानाच्या काळात साठलेले व्याज धरलेले नाही. नवा फर्स्ट ऑफिसर पहिली काही वर्षे पगाराचा मोठा भाग बँकेलाच देत असतो. त्याला नोकरी मिळाली आहे, हे गृहीत धरून हा हिशेब आहे.

आणि नोकरीचा बाजार सरळ रेषेत चालत नाही. किंगफिशरची विमाने 2012 मध्ये थांबली. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 च्या रात्री शेवटची उडाली. करोनाकाळात भरती गोठली, इंडिगोसारख्या मोठ्या कंपनीनेही 2020 मध्ये दहा टक्के कर्मचारी कमी केले. गो फर्स्टने मे 2023 मध्ये उड्डाणे बंद केली. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि 200 तासांचे नवखे रांगेत मागे सरकले. सीपीएलला लागणारा दीड-दोन वर्षांचा काळ तेजीत सुरू होऊन मंदीत संपू शकतो.

म्हणूनच स्वतःच्या पैशाने आधीच टाइप रेटिंग करून ठेवण्याचा निर्णय घाईने घेऊ नये. आकासा एअर फक्त 737 मॅक्स उडवते. इंडिगोच्या ताफ्याचा कणा ए320 परिवार आहे आणि छोट्या मार्गांवर तिची एटीआर विमाने जातात. चुकीच्या विमानाचे रेटिंग घेतले तर पंधरा-वीस लाख अडकून पडतात, आणि रेटिंग वापरात राहिले नाही तर ते ताजे ठेवायलाही पुन्हा सिम्युलेटरचा खर्च येतो. भरतीची जाहिरात, तिच्यातली अट आणि मग रेटिंग, हा क्रम शहाणपणाचा.

जगात दुसऱ्या प्रकारची व्यवस्थाही आहे. ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये स्पीडबर्ड पायलट अकॅडमी सुरू केली. निवडलेल्या उमेदवारांच्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी स्वतः करते. निवड चुकली तर तोटा कंपनीचा, म्हणून निवडही काटेकोर. आपल्याकडे असा भार उचलण्याची सुरुवात सरकारी योजनांतून थोडीफार झाली आहे. महाराष्ट्र शासनाच्या नागपूर इथल्या ‘महाज्योती’ संस्थेने इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमधून व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली. ज्या घरात पन्नास लाख हा आकडाच अकल्पनीय आहे, तिथल्या मुलीला कॉकपिटपर्यंत नेणाऱ्या अशा जागा कितीतरी वाढायला हव्यात. 1985 मध्ये कोलकाता ते सिल्चर असे फॉकर फ्रेंडशिप विमान सगळ्या महिला कर्मचाऱ्यांनिशी गेले, तेव्हा डाव्या खुर्चीत कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या. आज भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. पैशाची भिंत बुटकी झाली तर ते आणखी वाढेल.

संस्था पारखताना

2025 मध्ये डीजीसीएने देशातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. ‘ए प्लस प्लस’ आणि ‘ए प्लस’ या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. तेरा संस्था ‘ए’ श्रेणीत आल्या, बाकीच्या ‘बी’मध्ये. सुरक्षितता, कामकाज, नियमांचे पालन आणि विद्यार्थ्यांना मिळणारी मदत असे निकष त्यामागे होते. ही यादी ठरावीक काळाने नवी होते, म्हणून प्रवेशाच्या वेळी ताजी यादी पाहावी. जाहिरातीतल्या हसऱ्या फोटोंपेक्षा ती अधिक बोलकी आहे.

यादीत न दिसणाऱ्या गोष्टी प्रत्यक्ष जाऊन विचाराव्या लागतात. आज उडण्याच्या स्थितीतली विमाने किती? नुसती मालकीची विमाने किती, हा प्रश्न वेगळा. एका विमानामागे आणि एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? मागच्या वर्षी किती जणांचे सीपीएल पूर्ण झाले आणि त्यांना सरासरी किती महिने लागले? दोन इंजिनांचे विमान संस्थेचे स्वतःचे आहे की शेवटी दुसरीकडे पाठवतात? उत्तरे कार्यालयात घ्यावीत आणि मग वसतिगृहात जाऊन शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांशी ती पडताळावीत. गेल्या महिन्यात लॉगबुकात किती तास चढले, एवढे त्यांना विचारले तरी पुष्कळ कळते. ही भेट पावसाळ्यात दिली तर आणखी चांगले, कारण तेव्हा विद्यार्थी रिकामे बसले आहेत की सिम्युलेटर आणि ग्राउंड क्लास जोरात चालू आहेत, हे दिसते.

‘तास लवकर पुरे करून देतो’ असे कोणी सूचकपणे म्हणाले तर तिथून निघावे. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने उघडकीस आले, काही वैमानिकांना अटक झाली आणि काही क्लबांमधल्या खोट्या उड्डाण नोंदीही तपासात आल्या. न उडता लिहिलेला तास पुढे सिम्युलेटरच्या पहिल्याच चाचणीत उघडा पडतो. तिथे न पडला तर प्रवाशांच्या जिवाशी गाठ असते.

शेवटची गोष्ट कराराची. संपूर्ण फी एकरकमी भरून सवलत घेण्याचा मोह टाळावा. संस्थेचा परवाना निलंबित झाला, विमाने जमिनीवर आली किंवा विद्यार्थी वैद्यकीय कारणाने अपात्र ठरला, तर उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील हे करारात लेखी असावे. 200 तासांच्या पलीकडे जादा उड्डाणे लागली तर ताशी दर किती, चाचणी पुन्हा द्यावी लागली तर शुल्क किती, इंधनाचा भाव चढला तर फरक कोणी भरायचा, हेही त्याच कागदावर यावे. हप्ते टप्प्यांना बांधून घ्यावेत: पहिला एकट्याने उड्डाण होईपर्यंतचा, दुसरा क्रॉस कंट्री पूर्ण होईपर्यंतचा, तिसरा इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, चौथा दोन इंजिनांच्या विमानाचा. जी संस्था या रचनेला तयार होते, तिच्याकडे प्रवेशाचा अर्ज भरायला हरकत नाही.